दिव्याच्या रक्तातलं शिसं

दिव्या साडेतीन वर्षांची असताना मी तिला एकदा धपाटा घातला होता, लई बोलते म्हणून. घरात सोयरे बसलेले, आणि ही बया सगळ्यांना सांगत सुटली की आजी गुपचूप साखर खाते, पप्पा घोरतात, आणि आमची शेळी लंगडी नाय, नाटक करते. सोयरे हसून बेजार. मी तिला आत ओढत नेलं आणि पाठीत एक दिला. तोंड आहे का काय आहे, म्हणाले.

तेच तोंड परत मिळावं म्हणून पुढं काय काय झालं, ते लिहायला बसले आहे. मी काही लेखिका नाही. दहावी झालेय, अक्षर बरं आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं सासरचे म्हणतात. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या की लिहून ठेवा, एखाद्या आईला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. तेवढ्यासाठी लिहिते. गोड करून सांगणार नाही.

पोट दुखतं

आम्ही शेंद्र्याच्या बाजूला राहतो. सासऱ्यांची जमीन एमआयडीसीत गेली, त्यामुळं घरात शेतकरी कुणी उरलं नाही. दिव्याचे पप्पा आधी एका कंपनीत ठेकेदाराकडं होते. ते काम सुटलं तसे गावाबाहेरच्या एका शेडमध्ये जायला लागले. घरात आम्ही चारच माणसं. आम्ही दोघं, दिव्या आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते.

सुरुवात पोटदुखीनं झाली. जेवायला बसवलं की दिव्या पोट धरायची. चार-चार दिवस परसाकडं व्हायचं नाही. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. माझं माहेर लासूर स्टेशनचं, तिथल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पोर बोलकी आहे, नजर लागणारच, असं त्यांचं म्हणणं. मीही ओवाळल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं की उलटं टांगून घ्या, तर मी टांगून घेतलं असतं.

मग तिचं बोलणं आटायला लागलं. आधी तिच्या गोष्टी गेल्या. मग मोठी वाक्यं गेली. "आई, माठातलं दे ना गं, थंडगार" म्हणणारी पोर नुसतं "पाणी" म्हणायला लागली, आणि पुढं नुसतं बोट दाखवायला लागली. घरच्यांना वाटलं, शहाणी झाली, शांत झाली. मलाही दोन-चार दिवस बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, उंबऱ्यात बसून शिळी पुरणपोळी खाताना ती आडवी झाली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ. मी किंचाळले का नाही ते मला आठवत नाही. शेजारच्या इंदूबाई सांगतात की सगळी गल्ली गोळा झाली होती. त्यांच्या मालकांनी रिक्षा काढली. जालना रोडनं शहरात पोचेपर्यंत तिला आणखी दोनदा झटका आला, आणि मी तिच्या तोंडात माझं बोट घातलं होतं. तसं करायचं नसतं हे नंतर कळलं. त्या बोटावर अजून वण आहे.

पप्पा काय करतात?

मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखल केलं. तीन दिवस नुसती धावपळ. डोक्याचा फोटो, पाठीतलं पाणी, कावीळ आहे का, मेंदूज्वर आहे का. कुणालाच काही सापडेना. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टर मॅडम माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि भलतंच विचारायला लागल्या. घराला रंग कधी दिला, पाणी कुठलं, पोर माती खाते का, डोळ्यांत काय घालता. मला वाटलं, बाईला काही कळत नाही म्हणून वेळ काढते आहे. मग त्यांनी विचारलं, हिचे पप्पा काय काम करतात. मी सांगितलं, जुन्या बॅटऱ्या फोडायचं.

त्यांचा पेन थांबला. त्यांनी पप्पांना पुढं बोलावलं. पप्पांनी सरळ मनानं सगळं सांगितलं: ट्रकच्या, रिक्षाच्या बाद झालेल्या बॅटऱ्या येतात, आम्ही कुऱ्हाडीनं फोडतो, आतल्या पट्ट्या काढतो, भट्टीत वितळवतो आणि साच्यात ओतून शिशाच्या लाद्या पाडतो. दीड वर्ष झालं. मॅडमनी विचारलं, त्याच कपड्यांवर घरी येता का. ते म्हणाले, हो. पोरीला उचलून घेता का. ते म्हणाले, "तीच येते ना पळत, मॅडम. मोटारसायकलचा आवाज आला की कडेवर असते."

रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली. नवव्या दिवशी मॅडमनी आम्हाला दोघांना व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की रक्तात शिसं आहे, फार आहे, आणि ते मेंदूत चढलंय. मी विचारलं, पेन्सिलीतलं का? त्या नाही म्हणाल्या, ते वेगळं. लहान पोरांच्या अंगात ते मोठ्यांपेक्षा किती तरी जास्त मुरतं, असंही सांगितलं. माझ्या कानात काही जात नव्हतं. मला एकच पाहिजे होतं. मी म्हणाले, "मॅडम, बोलंल ना ती? पहिल्यासारखी?"

त्या म्हणाल्या, आधी जीव वाचवू, मग बघू. त्या "बघू"चा अर्थ मला तिथंच कळला.

दिव्याचे पप्पा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते आणि स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघत होते. मला त्यांची दया यायला पाहिजे होती. नाही आली. सगळा व्हरांडा ऐकत असताना मी त्यांना म्हणाले, "तुम्ही आणलं घरात. माझं लेकरू तुम्ही खाल्लं." ते उठून आम्हाला चहा आणायला गेले.

वॉर्ड

सकाळी सहाला फिनाइलचं पुसणं. सातला झाडूवाल्या मावशी सगळ्या बायांना खाटेखालून उठवायच्या. आठला सुई. ती सुई मांडीत द्यायचे आणि तिची कळ इतकी असायची की दिव्या ट्रॉलीची चाकं ऐकली तरी मुतायची. तिची लघवी एका भांड्यात जमवून मोजायची, ते काम माझ्याकडं होतं. लघवीवाटे शिसं निघून जातं म्हणे. मी ते भांडं खिडकीच्या उजेडात धरून बघायची, काही चमकतं का. काही दिसायचं नाही.

सुयांनंतर कॅप्सूल आल्या. त्यांना सडलेल्या अंड्याचा वास. त्या फोडून केळ्यात कालवायच्या आणि पोरीच्या घशात घालायच्या. चारातली एक तरी ओकायचीच, मग परत दुसरी. एकदा तिनं माझ्या अंगावर ओकलं आणि मी तिला हलवून हलवून म्हणाले, गीळ, मर पण गीळ. मागून कुणी तरी माझा हात धरला.

ती शेजारच्या खाटेवरची, हर्सूलची बाई. तिच्या मुलाला हृदयाचं काही तरी होतं. तिनं माझ्या हातातून वाटी घेतली, मला बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन यायला सांगितलं, आणि मी येईपर्यंत गाणं म्हणत म्हणत अख्खी कॅप्सूल चारून टाकली होती. पुढं रोज ती दिव्याला चारायची आणि मी तिच्या मुलाला वारा घालायची. भाकरी-ठेचा पण तिचाच असायचा. स्वतःच्या लेकराचा राग दुसऱ्याच्या लेकरावर निघत नाही, हे मला त्या वॉर्डात समजलं. जमलं तर शेजारणीशी अशी अदलाबदल करा. लई सोपं जातं.

झटके थांबले. सव्वा महिन्यानं रिपोर्ट निम्म्यावर आला. दिव्यानं बोटानं दाखवून "मनी" म्हटलं, वॉर्डात एक मांजर यायची तिला. मी सगळ्या खाटांवर जाऊन सांगून आले.

स्वच्छता

सुट्टी देताना मॅडमनी बजावलं: काम सोडा, आणि घर स्वच्छ ठेवा. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, पोरीचे हात सारखे धुवा, तिची भांडी स्वच्छ ठेवा.

काम त्याच दिवशी सुटलं. पप्पा बांधकामावर मजुरीला जायला लागले. त्यांचे शेडवरचे कपडे मी लांब नेऊन पुरले. स्वच्छतेचं तर मला कुणी सांगायलाच नको होतं. माझी भांडी गल्लीत नावाजलेली. आता मी एकदाच्या जागी तीनदा घासायला लागले. दिव्याची ताटली, वाटी, पेला मी दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. वाटीत तोंड दिसेस्तोवर घासायची आणि मग त्यात दूध ओतायची.

गॅस आल्यापासून आमच्याकडं चूल नाही, आणि चूल नाही म्हणून राख नाही. आत्याबाईंना साबणाची भांडी चालत नाहीत, वास राहतो म्हणतात. राखेनं घासलेलं तेच चोख, असं त्यांचं म्हणणं आणि खरं सांगायचं तर माझंही. म्हणून पप्पांनी कधीच शेडवरून एक पोतं राख आणून ठेवली होती. भट्टीतली, करडी, पिठासारखी मऊ. तिथं ढीग पडलेला असतो, मुकादम न्या म्हणाला. मी वर्षभर तिनंच घासत होते.

वाचणाऱ्यानं आता कपाळावर हात मारला असेल. मारा. मी रोज मारते. पण आमच्या डोक्यात कसं बसलं होतं तेही ऐका. शिसं म्हणजे ती जड, चकचकीत लादी, जी ट्रकमध्ये भरून जाते. ते काढून घेतल्यावर जी उरते ती राख. आणि राखेत कधी विष असतं का? राखेनं आपण दात घासतो, देवाचे टाक घासतो, बाळंतिणीचं भांडं घासतो. पप्पा दीड वर्ष तिथं राबले, त्यांनाही शंका आली नाही. मॅडमनी शंभर प्रश्न विचारले, पण भांडी कशानं घासता, हे कुणाला कशाला सुचेल?

वाटी

दीड महिन्यानं रक्त दिलं. शिसं पहिल्यापेक्षा वर गेलं होतं. "मनी" शब्द गेला होता. त्याच दिवशी परत दाखल केलं, आणि त्याच संध्याकाळी झटका आला. मॅडम पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या, की घरी करता काय तुम्ही लोक. आत्याबाई म्हणाल्या, आईच्याच पोटात दोष असणार. मी पप्पांवर आळ घेतला की चोरून शेडवर जातात. त्यांनी दिव्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी मी विश्वास ठेवला नाही. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. जेवण द्यायची ते भिंतीकडं बघून द्यायची.

दहाएक दिवस झाले असतील. सकाळी मी वॉर्डातल्या बेसिनवर दिव्याची वाटी घासत होते. घरून येताना डब्यात राख भरून आणली होती, दवाखान्याचा साबण मला पसंत नव्हता. मॅडम हात धुवायला माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माझ्या करड्या झालेल्या बोटांकडं बघून त्यांनी सहज विचारलं, हे काय. मी म्हणाले, राख. वर कौतुकानं सांगितलं, की लई मऊ आहे, तुम्हाला पाहिजे का.

"चुलीची?"

"नाय, भट्टीची. ह्यांच्या शेडवरची."

त्यांनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि नळ सोडून माझे हात स्वतः धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला समजायला मिनिटभर लागलं. मग मी तिथंच खाली बसले.

मी पप्पांना खाटेपाशी सांगितलं. ते म्हणाले, "आणली तर मीच ना." मी म्हणाले, चोळली मी. व्हरांड्यात मी त्यांना जे बोलले होते, ते त्यांनी मला एकदाही उलटून म्हटलं नाही. आजपर्यंत नाही. त्यांनी म्हटलं असतं तर माझा थोडा भार हलका झाला असता.

त्या दिवसांत जीव द्यावा असं मनात आलं. दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. हर्सूलच्या बाईला मी ते बोलून दाखवलं. तिनं मॅडमना सांगितलं, आणि मॅडमनी मला दुसऱ्या एका डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं मी तासभर नुसती रडले. तुमच्या मनात असं आलं तर कुणाला तरी सांगा, तोंड दाबून बसू नका. कॅप्सूल चारायला सकाळी कुणी तरी उठायला लागतंच.

गल्ली

माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. त्या पोत्यातली राख मी इंदूबाईंना दिली होती, भरभरून. त्यांच्या घरात दोन मुलं.

मी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं. आत या म्हणाल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं, आमची पोरं धडधाकट आहेत म्हणाल्या, आणि दार लावलं. गल्लीत बोललं जायला लागलं की स्वतःच्या पोरीचं झालं म्हणून ही आता सगळ्यांच्या घरात रोग शोधते. तिसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई दोन्ही पोरांना आंघोळ घालून, रिक्षात बसवून माझ्या दाराशी आल्या आणि चल म्हणाल्या. मुलांच्या रक्तात निघालं, पण थोडं. वेळेवर कळलं. ती मुलं आज बरी आहेत. इंदूबाई मात्र वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पोतं, घासण्या, ती भांडी, सगळं मॅडमच्या सांगण्याप्रमाणं घराबाहेर गेलं. माझंही रक्त तपासलं. माझ्याही अंगात निघालं. हाडात मुरलंय, पोटातल्या लेकराला जाऊ शकतं, म्हणून दुसऱ्याचा विचार इतक्यात करू नका असं सांगितलं. आत्याबाई अजून नातवाचं नाव काढतात. मी त्यांना सांगते, थांबा.

जन्मतः

दिव्याला आता आठवं चालू आहे. रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं, अजून उतरतंय. झटक्याची गोळी चालू आहे. ती चालते, खाते, हसते. तीस-चाळीस शब्द बोलते, त्यातले बरेच मलाच कळतात. मी मॅडमना परत विचारलं होतं, पहिल्यासारखी होईल का. या वेळी त्या "बघू" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, जे गेलं ते यायचं नाही, जे आहे त्याच्यावर मेहनत करा. मी घरी येऊन तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी तिला "कढई" शिकवायला बसले.

शाळेतल्या बाईंनी दिव्यांग प्रमाणपत्र काढून आणायला सांगितलं, म्हणजे तिला वेगळं शिकवता येईल. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही तिघं शहरात गेलो. लई गर्दी होती. दुपारी नंबर लागला. तपासणी झाली, आणि टेबलावरच्या साहेबांनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, गाव. मग एक रकाना आला, अपंगत्वाचं कारण. त्यांनी वर न बघताच विचारलं, "जन्मतः ना?"

मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, "व्हय साहेब, जन्मतःच."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी खालच्या आवाजात मला म्हटलं, "राहू दे. कशाला तुझं नाव निघायला पाहिजे? गावात कागद फिरतो." आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट असेल. आणि सोपंही होतं. जन्मतः म्हटलं की कुणाचीच चूक नाही, ना शेडची, ना त्यांची, ना माझी. देवानं दिलं तसं आलं.

दिव्या माझ्या मांडीवर बसून साहेबांच्या टेबलावरचा शिक्का बघत होती. मला सोयऱ्यांपुढं बडबडणारी ती आठवली, आणि वाटलं की तो एक शब्द लिहिला की ती पोर कधी नव्हतीच असं होणार. साहेबांचा पेन कागदाला टेकला होता. मी टेबलावर हात ठेवला.

"साहेब, ते नका लिहू. जन्मली तवा ती चांगली व्हती. आधी तेवढं लिहा. पुढचं मी सांगते."